नळ, बोअर, जार की आरओ? पिण्याच्या पाण्याबाबत या चुका टाळा

कोल्हापुरातल्या तीन खोल्यांच्या घरातसुद्धा आज चार तऱ्हेचं पाणी असतं. नळाला येणारं महापालिकेचं पाणी, अपार्टमेंटच्या बोअरचं पाणी, स्वयंपाकघरातल्या मशीनचं पाणी, आणि घरात बारसं-वाढदिवस असला की मागवलेला वीस लिटरचा जार. यातलं पिण्याजोगं कुठलं असं विचारलं, तर बहुतेक जण मशीनकडं नाहीतर जारकडं बोट दाखवतात. नळाचं पाणी भांड्याला आणि बोअरचं धुण्याला, असा हिशोब ठरून गेलेला असतो.

या हिशोबात एक गोष्ट राहून जाते. आपल्या पाण्यात दोष कुठला आहे, हे कुणी आधी बघत नाही. दोष साधारण चार जातींचे असतात. गढूळपणा, रोगजंतू, जास्तीचे क्षार, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइडसारखी विरघळलेली रसायनं. तुरटी गढूळपणा खाली बसवते, पण जंतू मारत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जागच्या जागी राहतं. यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा जंतूंवर चालतो, क्षारांवर नाही. आरओ, म्हणजे दाबानं बारीक पडद्यातून पाणी गाळणारं मशीन, क्षार काढतो, पण तुमच्या पाण्यात क्षार मुळात कमीच असतील तर त्याला काढायला काही उरत नाही. नसलेल्या दोषावर पैसे घालायचे आणि असलेला दोष तसाच पोटात जाऊ द्यायचा, हे आपल्या भागात फार होतं.

नितळ दिसतं म्हणजे चांगलं आहे, असं धरून चालणं

'बोअरचं पाणी हाय ओ, आरशागत नितळ हाय, त्याला काय बघायचं?' हे वाक्य करवीर, हातकणंगले, शिरोळमध्ये कुठल्याही वस्तीत ऐकायला मिळतं. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. काविळीचा विषाणू असलेलं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तरी तितकंच नितळ दिसेल.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून पसरणारी कावीळ ही हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते, आणि ते पाण्यात येतात ते मैल्यातून. गॅस्ट्रो दूषित पाणी प्यायल्यावर एक-दोन दिवसांत कळतो. हिपॅटायटिस ईचं तसं नाही. पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपासून पार दोन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून गल्लीत पहिला पेशंट निघतो तेव्हा दूषित पाणी येऊन गेलेलं असतं, आणि 'आत्ता तर पाणी चांगलं येतंय' म्हणून सगळे निर्धास्त असतात. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतू शकते. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यापुरतं तरी पाणी उकळून द्या, यात कंटाळा करू नका.

टीडीएस मीटरच्या आकड्यावर घर चालवणं

एखादा सेल्समन घरी येतो. तुमच्या नळाचं पाणी एका ग्लासात, त्याच्या मशीनचं पाणी दुसऱ्या ग्लासात घेतो. दोन्हीत दोन-दोन धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवतो आणि बटण दाबतो. अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ उठायला लागतो, वर फेस येतो, ग्लासभर चिखल दिसतो. दुसरा ग्लास जसाच्या तसा. 'काकी, हे बघा, हे तुम्ही रोज पोरांना पाजताय.' काकींचा चेहरा उतरतो आणि त्याच दिवशी हप्ता ठरतो.

तो गाळ पाण्यातला नसतो. यंत्राच्या कांड्यांमधली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यानं वीज वाहत नाही, म्हणून तिथं काही घडत नाही. खात्री करायची असेल तर त्याच्याच 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत बटण दाबायला सांगा. त्याही पाण्यात तोच गाळ उठेल.

सेल्समनचं दुसरं हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची एकूण मात्रा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट हेच मुख्य असतात. हातातलं मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा काढतं. जंतू आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही. गटारीचा एक पेला हौदात मिसळला तर मीटरचा आकडा हलणारही नाही, पण ते पाणी आजारी पाडायला पुरेसं आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे मीटरवर १५० आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, आणि ३० दिसला म्हणून ते पाणी जंतुमुक्त झालं असंही नाही.

धरणाच्या पाण्याला आरओ लावणं

कोल्हापूर शहर वर्षानुवर्षं पंचगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पाण्यावर जगलं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं. नदीत वाटेवर मिसळणारं सांडपाणी टाळायचं, हा त्या योजनेमागचा हेतू. यातलं मूळ पाणी बघा कुठलं आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस, राधानगरी-काळम्मावाडीच्या जंगलपट्ट्यातून उतरलेला. जमिनीत खोल मुरून खडकात वर्षं काढलेलं हे पाणी नव्हे, त्यामुळं क्षारांनी ते हलकं असतं. मानकाच्या ५०० च्या मर्यादेपेक्षा बरंच खाली. तिथं आरओ बसवणं म्हणजे जे थोडे खनिज क्षार आहेत तेही गटारीत सोडणं.

गटारीत सोडणं हे शब्दशः खरं आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं जिथं टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथं आरओ वापरायला मनाई करावी, असे निर्देश दिले होते, ते याच नासाडीपायी. उन्हाळ्यात पाण्यासाठी रात्री दोनला उठणाऱ्या गल्लीत, त्याच पाण्याचा मोठा हिस्सा मोरीत जाताना बघवत नाही.

आणखी एक अडचण फार कमी लोक बोलतात. आरओच्या आधी कार्बनची गाळणी असते, ती नळाच्या पाण्यातलं क्लोरिन शोषून घेते. पुढं मशीनच्या प्लास्टिकच्या टाकीत जे पाणी साठतं त्याला क्लोरिनचं राखण नसतं. फिल्टर वेळेवर बदलला नाही, टाकी कधी धुतली नाही, आठ दिवस गावाला जाऊन आलात आणि तेच साठलेलं पाणी प्यायलात, तर मशीन असूनही पोट बिघडू शकतं. मशीन आहेच, तर गावाहून आल्यावर टाकी पहिल्यांदा रिकामी करा.

आरओची खरी गरज कुठं आहे? शिरोळ तालुक्यात आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या ज्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या बोअरचं पाणी मचूळ लागतं. चूळ भरली तरी कळतं. असल्या पाण्याला उकळून काही होत नाही, यूव्हीनं काही होत नाही, तिथं आरओच पाहिजे. पण घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या, सेल्समनच्या मीटरवर जाऊ नका.

शहरातल्या नळाच्या पाण्याला पुरतं असं विचाराल तर माझं मत सरळ आहे. चांगली गाळणी आणि यूव्ही, किंवा गाळून उकळलेलं पाणी. यूव्हीला पाणी नितळच लागतं, गढूळ पाण्यात किरण आत पोचत नाहीत, आणि लाइट गेली की तो दिवा बंद, हे ध्यानात ठेवायचं. 'अल्कलाइन' पाण्याच्या मशीनवर मात्र पैसे घालू नका. प्यायलेलं पाणी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं, तिथं त्याचा अल्कलीपणा टिकत नाही.

उकळलं म्हणजे सगळं गेलं, असं समजणं

पाणी खळखळा उकळायला लागल्यावर एक मिनिट तसंच ठेवलं की रोगजंतू मरतात. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. नुसती वाफ दिसायला लागली की बंद करणंही बरोबर नाही.

चूक होते ती पुढं. उकळलेल्या पाण्यात क्लोरिन उरलेलं नसतं, म्हणजे ते परत दूषित व्हायला मोकळं असतं. उघड्या पातेल्यात निववलं, मग माठात ओतलं, मग पोरानं खेळून येऊन हातासकट तांब्या बुडवला, की सगळी मेहनत फुकट. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून निववा आणि काढायला लांब दांड्याचं वगराळं किंवा तोटी वापरा. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात हे खरं आहे, पण मैला मिसळलेल्या पाण्याला तो उपाय पुरणार नाही.

भांड्याच्या तळाला पांढरा थर बसला म्हणून घाबरायचं नाही. तो पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियमचा चुना. कठीण पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, चहावर तवंग येतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल जाते. हे सगळे त्रास खरे आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. 'कठीण पाण्यानं मुतखडा होतो' ही भीती दाखवून मशीन विकलं जातं. मुतखड्याचा त्रास असेल तर पाणी भरपूर पिणं जास्त उपयोगाचं, आणि त्यापुढचं डॉक्टरांना विचारावं.

जारला आणि बाटलीला सरसकट 'मिनरल वॉटर' म्हणणं

दुकानात आपण 'मिनरल वॉटर द्या' म्हणतो आणि मिळतं ते बहुतेक वेळा 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'. दोन्हींची मानकं वेगळी आहेत. मानक १४५४३ चं पाणी कुठल्याही स्रोताचं, अगदी बोअरचंसुद्धा, शुद्ध करून भरलेलं असतं. मानक १३४२८ चं नैसर्गिक मिनरल वॉटर ठरावीक झऱ्याचं किंवा भूगर्भातलं, त्याची मूळची खनिजं न बदलता भरलेलं असतं, आणि ते महाग असतं. पिण्याला दोन्ही चांगली, फक्त आपण पैसे कशाचे देतोय ते लेबलवर वाचावं.

थंड पाण्याचा तो निळा-हिरवा वीस लिटरचा जार, जो लग्नकार्यात आणि ऑफिसात येतो, तो मात्र या दोन्हींत बसेलच असं नाही. सील नाही, लेबल नाही, भरल्याची तारीख नाही, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक नाही, फक्त वर एक सैल झाकण आणि आत गार पाणी. गारव्यामुळं चव चांगली लागते आणि लोक त्यालाच शुद्धपणा समजतात. असा जार घेताना पुरवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पाण्याचा तपासणी अहवाल आहे का, आणि रिकामे जार आतून कशानं धुता? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर जार बदला. लग्नात पाचशे माणसं ते पाणी पिणार असतात. गावातल्या पाण्याच्या एटीएमलाही हेच लागू. ग्रामपंचायतीकडं त्याचा अहवाल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नळाला थेट मोटर लावणं

या एका चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण ती करणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त भोवते.

आपल्याकडं पाणी चोवीस तास येत नाही, पाळीनं येतं. पाणी चालू असताना पाइपमध्ये दाब असतो, म्हणून बारीक भोकातून पाणी बाहेर येतं. बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून आजूबाजूची ओल आत शिरू शकते. जुन्या पेठांत पिण्याची लाइन आणि ड्रेनेज एकाच अरुंद बोळातून, हातभर अंतरानं गेलेली असतात. अशात कुणी नळालाच मोटर जोडून ओढायला लागलं, की पाणी चालू असतानाही पाइपमध्ये उलटा ओढ तयार होतो. गळतीच्या जागी गटारीचं पाणी आत खेचलं जातं, आणि ते मोटारवाल्याच्याच घरी जाईल असं नाही, बोळातल्या कुणाच्याही हंड्यात पडतं. दाब कमी असेल तर जमिनीतल्या टाकीत पाणी आपोआप पडू द्या आणि मोटर त्या टाकीला लावा.

पाणी आल्या-आल्या पहिली काही मिनिटं पिण्यासाठी भरू नका. ते पाणी फरशीला, झाडांना वापरा. अपार्टमेंटमध्ये असाल तर खालची टाकी एकदा स्वतः जाऊन बघा. झाकण घट्ट आहे का, शेजारी ड्रेनेजचं चेंबर तर नाही, आणि बोअरचं नि महापालिकेचं पाणी एकाच टाकीत सोडतात का. एकत्र सोडत असतील तर नळाच्या पाण्याचं क्लोरिन तिथंच संपतं, आणि तुम्ही 'कॉर्पोरेशनचं पाणी' म्हणून जे पिता ते तसं राहत नाही.

नळाच्या पाण्याच्या तक्रारी ओळखायच्या कशा, तेही इथंच सांगतो. पाणी दुधासारखं पांढरं आलं तर ग्लासात भरून मिनिटभर थांबा. तळाकडून वर नितळ होत गेलं तर ती दाबातली हवा आहे, खुशाल प्या. पिवळसर-तांबूस आलं तर गंज किंवा लाइनच्या दुरुस्तीनंतरचा गाळ, थोडं वाहू दिल्यावर जातो. मातीसारखा वास उन्हाळ्यात शेवाळामुळं येतो. पण गटारीचा वास आला, किंवा चालू असलेलं नितळ पाणी एकाएकी काळपट यायला लागलं, तर ते पाणी भरायचंच नाही. वॉर्डात कळवा, शेजाऱ्यांना कळवा, आणि दुरुस्ती झाल्यावरही पाणी तपासेपर्यंत उकळून प्या.

क्लोरिनच्या वासाला नाक मुरडणं

'पाण्याला औषधाचा वास येतोय' ही तक्रार म्हणून सांगितली जाते. खरं तर नळापर्यंत पोचलेला क्लोरिनचा हलका वास ही चांगली खूण आहे. केंद्रातून निघालेल्या पाण्याला वाटेत काही लागलं तर त्याच्याशी लढायला कुणीतरी शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं. वास नकोसा वाटला तर पाणी झाकून काही तास ठेवा, तो बराचसा उडून जातो.

गावात क्लोरिन टाकायचं आणि तपासायचं काम जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीचा पाण्याचा माणूस करतो. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टची छोटी नळी, तिच्यात पाणी, वर औषधाचे थेंब. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे, तसंच राहिलं तर नाही. तपासलेलं पाणी ओतून टाकायचं, पिण्यात येऊ द्यायचं नाही. ही टेस्ट टाकीजवळच्या नळाला करून उपयोग नाही, वस्तीतल्या शेवटच्या घरी करायला लागते. टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं प्रमाण हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं नितळ द्रावण टाकीत सोडायचं आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. पोतं उघडं, ओलीत पडलेलं असेल तर पावडरीची ताकद उडालेली असते. मग माप बरोबर टाकूनही ओटी कोरी येते.

उसाच्या पट्ट्यातल्या बोअरची तपासणी न करणं

उसाला युरिया पडतो, त्यातला काही भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली मुरतो. शेताला लागून असलेल्या विहिरी-बोअरमध्ये तो येऊ शकतो. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटला रंग, वास, चव काही नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बाटलीनं दूध पीत असेल आणि ती पावडर अशा पाण्यात कालवली, तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर दिसायला लागतं. आई काळजीनं तेच पाणी जास्त उकळते, आणि पाणी आटल्यानं नायट्रेट उलट वाढतं. म्हणून मळ्यातल्या घरी तान्हं बाळ असेल तर बोअरची तपासणी झाल्याशिवाय ते पाणी बाळाला नको.

पूर ओसरला की लगेच जुनं पाणी सुरू करणं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष घरात शिरणाऱ्या पाण्याकडं असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि चहूकडं पाणी असताना शहर टँकरवर आलं. टँकरचं पाणी कुठनं भरलं ते विचारा आणि तेही उकळूनच प्या.

पुरात बुडालेली विहीर किंवा बोअर म्हणजे मैला, मेलेली जनावरं, शेतातली औषधं असं सगळं आत गेलेलं पाणी. आधी उपसा, गाळ काढा, मग टीसीएलचा नेहमीपेक्षा जास्त डोस, आणि मग तपासणी. गढूळ पाण्यात नुसतं क्लोरिन टाकू नका, ते गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून पाणी बसू द्या, नितळलेलं वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या आणि मग क्लोरिनच्या गोळ्या त्यांच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाका.

तपासणीसाठी कसंही पाणी नेणं

शासकीय प्रयोगशाळेत तपासणी होते, फक्त नमुना नीट पाहिजे. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत नेलेल्या पाण्याचा जंतूंचा अहवाल खरा येणार नाही, बाटलीतलेच जंतू त्यात दिसतील. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. नळाची जाळी काढा, तोंड पुसून लायटरनं शेकून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटलीच्या तोंडाला आतून बोट न लावता भरा आणि वर थोडी जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्षार, कठीणपणा आणि नायट्रेटसाठी वेगळी स्वच्छ बाटली लागते, ती त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची. दोन्ही बाटल्यांवर पाणी कुठलं (नळ, बोअर की मशीन), तारीख आणि वेळ लिहा. बोअरचा नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्या, कारण दोन्ही वेळचं पाणी सारखं नसतं.